जांगाचं खरं नाव

आमच्याकडे माणसाला खरं नाव तीनदाच लागतं: बाप्तिस्म्याला, कोर्टात आणि मयताला. मधल्या काळात गाव हाक मारेल ते त्याचं नाव. माझ्या वखारीत भंगार आणून टाकणारी माणसंच घ्या. कोंबडपाय, फावडा, चर्चची पायरीसुद्धा न चढणारा पाद्री, धाकटा बुलडॉग. थोरला बुलडॉग वारला, तेव्हा त्याच्या शहरातल्या पोरीने रेडिओवर बातमी दिली ती नुसत्या खऱ्या नावाने. एग्बर्ट अल्फान्सो लिंडो. गावाने ऐकली, कोण बिचारा गेला म्हणून हळहळलं आणि कामाला लागलं. शवपेटी उचलायला चार माणसं जमेनात. आठवड्याने उलगडा झाला, तेव्हा अख्खं गाव त्या पोरीला शिव्या घालत रडत होतं.

हे आधी सांगून ठेवते, म्हणजे माझ्या हातून काय चुकलं आणि का चुकलं ते कळेल.

मी आयोनी व्हासेल. रिओ मिनो नदीच्या काठी, पुलाच्या अलीकडे माझी भंगाराची वखार आहे. मी आणि माझा नवरा क्लिफ्टन, आम्ही तीस वर्षांपूर्वी काढली. वजन तो करायचा आणि वही मी लिहायचे, कारण त्याचं अक्षर त्याला स्वतःलाच लागत नसे. तो जाऊन अकरा वर्षं झाली. आता वजनही मीच करते. हाताखाली डॉरेट आहे. ती तांबं, पितळ, ॲल्युमिनियम वेगळं करते आणि दिवसभर मला अक्कल शिकवते.

मध्यंतरी सरकारने आमचा धंदाच बंद ठेवला होता. सरकारला तरी काय म्हणणार? लोक पुलांचे कठडे कापून नेत होते, शाळांची फाटकं, रेल्वेचे रूळ. कबरींवरच्या पितळी पाट्याही सुटल्या नाहीत. त्या दिवसांत आम्ही उकडलेली हिरवी केळी खाऊन दिवस काढले. मग धंदा उघडला, तो नियमांसकट. वखारीला परवाना. विकणाऱ्याचं खरं नाव, पत्ता, ओळखपत्राचा नंबर वहीत हवा. आणि आलेला माल सात दिवस जसाच्या तसा वेगळा ठेवायचा. ठोकायचा नाही, कापायचा नाही, पुढे पाठवायचा नाही. चोरीचा असेल तर मालकाला सापडावा म्हणून.

सात दिवसांचा नियम मी देवाची आज्ञा असल्यासारखा पाळला. प्रत्येक ढिगाला तारीख घातलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. नावाशी मात्र अडलं. "कोंबडपाय, तुझं खरं नाव सांग," म्हटल्यावर तो माझ्याकडे असा बघायला लागला, की मी त्याच्या हातात बेड्याच घालतेय. "मिस आयोनी, मी काय केलं?" एवढंच म्हणाला आणि आणलेला माल परत हातगाडीत भरायला लागला. तीस वर्षांची ओळख. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवाय मनात आलं, हा नियम कशासाठी? माणूस सापडावा म्हणूनच ना? मग खऱ्या नावाने या गावात कुत्रंसुद्धा सापडायचं नाही. म्हणून मी रकान्यात लिहीत गेले: कोंबडपाय. फावडा. जांगा. आणि नंबराच्या रकान्यात रेघ.

मी शहाणी समजत होते स्वतःला.

मग एका रविवारी टेकडीवरच्या पंपघरातून मोठा पितळी व्हॉल्व्ह आणि तांब्याची सगळी तार चोरीला गेली. वरची घरं कोरडी पडली. बायका नदीवरून बादल्या डोक्यावर घेऊन चढण चढायला लागल्या. त्यातली मिस पर्ल सत्तरीची आहे. तिने माझ्या फाटकासमोर बादली टेकवली, दम घेतला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घाला, सगळं गाव भंगारवालीच्या घशात घाला." एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी ऐकून घेतलं.

मंगळवारी सकाळी सार्जंट पेटग्रेव्ह आला. हा इथलाच. लहानपणी रताळ्याचं पुडिंग बघितलं की घर विसरायचा, म्हणून गाव त्याला पुडिंग म्हणतं. त्याने खिशातून व्हॉल्व्हचा फोटो काढून माझ्यासमोर धरला.

असला एक तुकडा सोमवारच्या ढिगात होता. चिखलाने लडबडलेला, आत नदीची वाळू भरलेली. मी गेले, डॉरेटला हाताशी घेऊन तो ओढत आणला, फडक्याने पुसला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"हाच का रे, पुडिंग?"

"ड्युटीवर सार्जंट म्हणा, मिस आयोनी." त्याने नंबर ताडून पाहिला. "हाच. कुणी विकला?"

"जांगाने. पण त्याने चोरला नाही. पुलाखालच्या वाळूत सापडला म्हणाला, आणि ते खरं असणार. हे काढायला दोन मोठे पाने आणि दोन धट्टेकट्टे गडी लागतात. जांगाला स्वतःचं चहाचं टमरेल उचलवत नाही."

"मला ठाऊक आहे हो. लहानपणी त्याच्याबरोबर मासे धरलेत मी. वही द्या."

त्याने वही उघडली. पान उलटलं. आणखी एक उलटलं. चेहरा हळूहळू लांबत गेला.

"हे काय आहे? कोंबडपाय? पाद्री? मिस आयोनी, हे सरकारी रजिस्टर आहे!"

"मग यातला कोण तुला माहीत नाही ते सांग."

"मला सगळे माहीत आहेत! पण मॅजिस्ट्रेटला माहीत नाहीत! कागदावर तुम्ही चोरीचा माल कुणाकडून घेतलात? कुणाकडूनच नाही. म्हणजे कागदावर चोर कोण?"

डॉरेट मागून म्हणाली, "मी म्हणतच होते."

"तू पितळ निवड," मी तिच्यावर खेकसले.

पुडिंगने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, तुम्ही माल लपवला नाहीत, स्वतः काढून दिलात, ते मी लिहीन. जांगाचा जबाब घेऊन त्याला सोडेन. पण जबाबाला नाव लागतं. शुक्रवारी चार वाजेपर्यंत मला त्याचं खरं नाव आणि एखादा कागद आणून द्या. नाहीतर परवाना गेला समजा. मग माझ्या हातात काही उरत नाही."

व्हॉल्व्हचे फोटो काढून त्याने तो तेव्हाच पंपवाल्यांकडे पाठवला. त्यांनी नवी तार ओढली आणि संध्याकाळी वरच्या घरांना पाणी आलं. माझ्या घशाला मात्र कोरड पडली. वखार गेली तर या वयात मी करणार काय, आणि डॉरेट काय करणार?

जांगा म्हणजे खरं तर नदीतली कोळंबी. आमचा जांगा तसाच दिसतो: कमरेत वाकलेला, लांब हात, पाण्यात पाय. पुलाखाली पत्र्याच्या खोपट्यात राहतो. पूर ओसरला की वाळू चाळतो आणि सापडेल ते आणतो. क्लिफ्टननेच त्याला पहिली हातगाडी करून दिली होती, जुन्या गाडीची चाकं लावून. गेली तीस वर्षं सकाळी माझ्याकडे त्याचा पुदिन्याचा चहा आणि पिठाचं तळलेलं डंपलिंग ठरलेलं.

मी खोपट्याशी गेले तेव्हा तो जाळं शिवत होता. मी सरळच विचारलं. "जांगा, तुझं खरं नाव काय?"

त्याचे हात थांबले.

"काय झालं, मिस आयोनी?"

मी सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, पुडिंग, शुक्रवार, परवाना. तो जाळ्याकडे बघत ऐकत होता.

"मला तुम्ही जांगा म्हणता ना?"

"म्हणते रे. सरकार म्हणत नाही."

"तीस वर्षांत कधी विचारलं नाहीत."

"तेव्हा लागलं नव्हतं! अरे, नाव सांगायला काय जातं तुझं? कुणाचा खून करून आलायस का?"

हे मी बोलायला नको होतं. माझी जीभ माझ्या आधी धावते. त्याने जाळं गुंडाळलं, आत गेला आणि पडदा ओढून घेतला. मी बाहेरून दोन हाका मारल्या. मग घरी आले.

बुधवारी सकाळी तो चहाला आला नाही. खोपटं रिकामं होतं.

मग मी गाव पालथं घातलं. दुकानदार मास हेडलीला विचारलं; मास म्हणजे आमच्याकडे मोठ्या माणसाला आदराने म्हणतात ते. तो म्हणाला, जांगा म्हणजे जांगा, त्यात विचारायचं काय? चर्चच्या सिस्टर ग्लोरियाने जुनी पुस्तकं काढून बघितली. त्यात त्याचा बाप्तिस्मा नव्हता. कोंबडपाय म्हणाला, "त्याने एकदा मला पुरातून ओढून काढलं, तेव्हा नाव विचारायचं राहिलं." मतदार यादीत तो नव्हता, शाळेच्या हजेरीत नव्हता. माझ्या दारात रोज बसून डंपलिंग खाणारा माणूस, आणि मला त्याच्याबद्दल काय ठाऊक होतं? चहात तीन चमचे साखर, एवढंच. मला माझी लाज वाटली.

गुरुवारी डॉरेट म्हणाली, "इतका जीव काय काढताय? विन्स्टन ब्राऊन लिहून टाका. या बेटावर चारेक हजार तरी असतील. शोधू देत."

मी पेन उचललं, खोटं कशाला बोलू? विन्स्टनचा पहिला फटकारा काढलासुद्धा. मग डोक्यात आलं, खोटं नाव लिहिलं की जांगा खरोखरचा फरारी झाला. आज तो नुसता रुसून कुठेतरी गेलाय. उद्या पोलीस विन्स्टन ब्राऊनला शोधतील आणि त्यांच्या हाती लागेल जांगा. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फास माझ्या हाताने विणलेला. मी फटकारा खोडला.

"परवाना गेला तर?" डॉरेटने विचारलं.

"गेला तर गेला. दोघी मिळून डंपलिंग तळून विकू."

"तुमची डंपलिंगं? देव वाचवो गिऱ्हाइकांना."

शुक्रवारी चारला दहा कमी असताना पुडिंग आला. वही मागितली नाही, नुसता स्टुलावर बसला. मी त्याला पुडिंगचा तुकडा दिला, तर म्हणाला, लाच नको. मी म्हटलं, गाढवा, ही लाच असती तर ताजं दिलं असतं. दोघेही हसलो नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. जांगा होता. पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, आणि पायात बूट. त्याच्या पायात बूट मी पहिल्यांदाच बघत होते. एक पाय लंगडत होता, म्हणजे बूट कुणाचे तरी मागून आणलेले. काखेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.

"डोंगरात सावत्र बहिणीकडे गेलो होतो," तो म्हणाला. "आईचा डबा तिच्याकडे होता. येताना बस चुकली, मग चालत आलो."

त्याने डबा उघडला, प्लास्टिकच्या पिशवीतून घडीचा कागद काढला आणि पुडिंगकडे न देता माझ्याकडे दिला. जन्माचा दाखला होता. मी चष्मा लावला. तारीख होती. गाव होतं. आईचं नाव, इनेझ कोवेल, ऊसतोड कामगार. लिंग, पुरुष. आणि नावाच्या रकान्यात काही नव्हतं. पुसलेलं नाही, फाटलेलं नाही. नुसती शाईची एक आडवी रेघ.

मी तशीच रेघ त्याच्या नावापुढे कितीदा ओढली होती.

"बाप फ्लोरिडाला ऊस तोडायला गेला होता," जांगा जमिनीकडे बघत म्हणाला. "आई नोंद करायला गेली तेव्हा म्हणाली, नाव तो आल्यावर ठेवेल. तो आलाच नाही. आई बाळ म्हणायची. मग ती गेली, नदीवरच्या पोरांनी जांगा म्हटलं. शाळेत नाव विचारलं म्हणून शाळा सोडली. कार्ड काढायला गेलो तर म्हणाले, आधी नाव आण. मिस आयोनी, मी तुमच्यापासून नाव लपवलं नाही. द्यायला नव्हतंच. सासष्ट वर्षांच्या माणसाला नाव नाही, हे कुणाला कसं सांगायचं?"

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि मी त्याला विचारलं होतं, खून करून आलायस का. मी तिथेच रडले. पुडिंगसमोर, डॉरेटसमोर, वजनकाट्याला धरून. त्याची माफी मागितली तीही मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

पुडिंगने दाखला हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि नीट घडी घालून परत दिला.

"जांगा, चोर तू नाहीस, ते कालच कळलं," तो म्हणाला. "शहरातले दोघे भाऊ, व्हॅनवाले. तार त्यांनी दुसऱ्या एका वखारीत विकली. तिथल्या माणसाने वहीत नाव, पत्ता, नंबर, सगळं नियमाप्रमाणे उतरवून घेतलं होतं. त्यावरूनच सापडले. व्हॉल्व्ह जड म्हणून वाळूत पुरून ठेवला होता, नंतर न्यायला."

हे बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही, पण मला लागायचं ते लागलं. त्या वखारवाल्यानेही माझ्यासारखा शहाणपणा केला असता, तर ते दोघे आज दुसरं पंपघर फोडत असते.

"मग सुटलो ना?" जांगाने विचारलं.

"जबाबातून सुटलास. पण ओळखपत्र नसलेल्याकडून वखारीला माल घेता येत नाही. कायदाच आहे. तुला आता विकता येणार नाही."

त्या दोघा चोरांच्या खिशात ओळखपत्रं होती, सगळी अगदी नियमात बसणारी. नियमात बसत नव्हता तो आमचा जांगा. मी पुडिंगला वाट्टेल ते बोलले. त्याच्या आईचाही उद्धार केला. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "झालं? आता ऐका. नाव उशिरा लावून घेता येतं. फॉर्म असतो. त्याला ओळखणारी दोन माणसं शपथेवर हवीत, एक मी होतो. आणि हा माणूस या नावाने ओळखला जातो असं दाखवणारे जुने कागद लागतात. शाळेचे, चर्चचे, कसलेही. तेच अवघड आहे. त्याचं नाव कुणी कधी कुठे लिहिलंय?"

डॉरेट माझ्याकडे बघायला लागली. मी डॉरेटकडे.

मागच्या खोलीत आम्ही दोघी धावलोच. तीस वर्षांच्या वह्या होत्या तिथे, दोरीने बांधलेल्या, वरच्या काही वाळवीने खाल्लेल्या. आम्ही त्या टेबलावर आणून आदळल्या. पुडिंगने मधलीच एक उघडली. जांगा, पितळी नळ. दुसरी उघडली. जांगा, सायकलची चाकं दोन. जांगा, पातेलं. जांगा, पुरानंतर, बरंच काही. माझं अक्षर, वर्षामागून वर्षं. ज्या चुकीसाठी तो माझा परवाना घ्यायला बसला होता, तीच चूक पानोपानी.

"देवा रे," पुडिंग म्हणाला. आणि मग त्याने ते शिळं पुडिंग खाल्लं.

जांगाला वाचता येत नाही. त्याने पानावर बोट ठेवून विचारलं, "हा मी?"

"हा तू. हाही तू. हाही."

फॉर्म भरताना पुडिंग म्हणाला, जांगा राहू दे, पण त्याच्या आधी एखादं चांगलं नाव लाव. आडनाव आईचं कोवेल. "बापाचं नाव लावू?" जांगाने मान हलवली. नाही. मग बुटांकडे बघत मला म्हणाला, "मास क्लिफ्टनचं घेतलं तर चालेल? त्याने मला गाडी दिली होती."

"घे," मी म्हणाले. "पण त्याचं घोरणं घेऊ नकोस."

मला शिक्षा झालीच. वखार महिनाभर बंद, आणि ताकीद. मी पुडिंगशी आठवडाभर बोलले नाही, पण मनातून मला ते पटलं होतं. त्या महिन्यात मी घरोघर ओट्यावर जाऊन बसले आणि एकेकाचं खरं नाव मागून घेतलं. "देतोस की मयतापर्यंत राखून ठेवतोस?" असं विचारल्यावर बहुतेकांनी दिलं. पाद्रीचं खरं नाव व्हॅलेंटाईन निघालं. कुणाला सांगू नका असं त्याने मला बजावलंय.

जांगाच्या कागदाला आठ महिने लागले. तोवर त्याला विकता येत नव्हतं, म्हणून तो माझ्याकडे डॉरेटशेजारी माल निवडायला बसायचा आणि तिची बोलणी खायचा. मग एका गुरुवारी तो सकाळीच हातगाडी घेऊन आला. गाडीत एकच ॲल्युमिनियमचं पातेलं होतं, बूड गेलेलं. त्याच्या मागे कोंबडपाय, फावडा, सगळी रांग उभी.

त्याने खिशातून कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. मी ते वाचून मुद्दाम मोठ्याने हाक मारली, "क्लिफ्टन जांगा कोवेल!"

रांगेतले सगळे मागे वळून बघायला लागले, कोण आलंय म्हणून. जांगाही वळून बघायला लागला.

"अरे, तू!" डॉरेट ओरडली.

मी पातेलं वजनकाट्यावर ठेवलं. नंबर लिहिला, पत्ता लिहिला, पुलाखालीच का असेना. नाव सावकाश लिहिलं, तिन्ही शब्द, रकान्याच्या बाहेर जाईपर्यंत. त्याने वाकून त्यावर बोट ठेवलं.

"वाचा, मिस आयोनी."

मी वाचलं. मागून फावडा म्हणाला, चला लवकर, ऊन चढतंय. जांगाने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"पुन्हा वाचा," तो म्हणाला.